पिल्लाची आई दाखवा

जळगावात पिंप्राळ्याला जीवराम नानांचं घर विचारलंत तर कोणीही दाखवेल. पण आधी तुम्ही कोण, कुठले, काय काम काढलंत, हे विचारून घेईल. ही खोड त्या गल्लीला नानांनीच लावली. असोद्यात जन्मलेले, एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेले नाना आज बहात्तर वर्षांचे आहेत, आणि मेथी कुठल्या शिवारातली हे कळल्याशिवाय अजूनही जुडी पिशवीत टाकत नाहीत. भाजीवाला वैतागतो. नानांच्या ते गावीही नसतं.

नोकरीत असताना त्यांचं नाव झालं ते मात्र तिकिटांमुळे नव्हे, सोयरिकींमुळे. एखाद्या घरी मुलीला स्थळ सांगून आलं, की मुलीचा बाप हळूच नानांना गाठायचा. "नाना, तुमची गाडी तिकडे मुक्कामाले असते. जरा पाहून या." मुक्कामाची गाडी संध्याकाळी खेड्यात जाऊन थांबते आणि सकाळी परत निघते. ड्रायव्हर अंग टाकायचा आणि नाना गावात फिरायला निघायचे. स्थळाच्या दारात ते एकदम कधीच जात नसत. आधी पिठाची गिरणी. दळणाचा डबा कोण आणतं? दिवस गेलेली सून डोक्यावर डबा घेऊन येते आणि घरातला तरणाबांड गडी पारावर पाय हलवत बसतो, असं दिसलं की नाना तिथूनच मागे फिरायचे. तिथं बरं दिसलं तरच घराकडे वळायचे, आणि तेही भलताच प्रश्न घेऊन. "तुमची म्हैस इकायची हाये म्हने?" म्हैस कोणालाच विकायची नसायची. पण ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा परक्याशी घर कसं बोलतं, हे त्यात बरोबर कळायचं. शेवटी गोठा. मालक आत शिरला की बैल मान पुढे करतो की आखडतो, एवढंच पाहायचं.

"मानूस पाहुन्यापुढे गोड बोलतो," नाना सांगायचे. "बैलाले कोनी शिकवून ठेवत नाई."

अशी पाऊणशे घरं त्यांनी पाहिली. जात, कूळ, शेती तर सगळेच पाहतात. तेवढ्यावरून माणूस कळत असता तर मले कायले पाठवलं असतं, असा त्यांचा सवाल असे.

एक घर तेवढं त्यांनी पाहिलं नाही. ते होतं त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, ज्योतीचं. स्थळ एरंडोलच्या साडूनं, मोतीलालनं आणलं होतं. त्याच्याच चुलतभावाचा मुलगा. मोतीलाल वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त जगात सगळेच चांगले दिसतात. घरचीच माणसं, तिथं गिरणीवर जाऊन काय विचारायचं? साडूला कळलं तर तोंड कसं दाखवायचं? नाना सरळ पुढच्या दारानं गेले, पेढा खाल्ला, सुपारी फोडून परत आले. पुढे अकरा वर्षांनी ज्योती एक बॅग आणि एक मुलगी घेऊन परत आली. नवरा हात उचलायचा, हे नानांना तेव्हा कळलं. त्याआधीच नानांची बायको गेली होती. हे पाहायला ती राहिली नाही, याचंच त्यांना त्या दिवशी बरं वाटलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. ज्योती एका शाळेत शिकवते. तिची मुलगी ऋतिका दहा वर्षांची आहे आणि कसलाही हट्ट करत नाही. ताटात पडेल ते खाते, आणू ते घालते. शेजारपाजारचे म्हणतात, किती गुणी पोर! नानांना मात्र वाटतं, पोरीनं एकदा तरी ताट लोटावं.

म्हणून दिवाळीच्या सुटीत ती जेव्हा म्हणाली, "नाना, आपण लॅब्रेडॉरचं पिल्लू आणू या?" तेव्हा नानांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. तोंडातून मात्र सवयीनं भलतंच निघालं.

"कायले? गल्लीत कुत्रे कमी हायेत का? आपला भुऱ्या काय वाईट आहे?"

भुऱ्या हा गल्लीतला कुत्रा. रोज सकाळी नानांसोबत गिरणीपर्यंत जातो आणि त्यांच्यासोबतच परत येतो.

"भुऱ्या सगळ्यांचा आहे," ऋतिका म्हणाली. "पलककडे लॅब आहे. तो घरातच राहतो. मांडीवर डोकं ठेवतो. आणि नाना, तो कोणावर ओरडतच नाही."

एवढं बोलून ती उठून गेली. ज्योती भाकरी थापत होती. ती वळली नाही, पण म्हणाली, "आणायचं तर नीट बघून आणा, नाना. आजारी निघालं, मेलं, चावरं निघालं, तर पोर पुन्हा काही मागायची नाही."

झालं. निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी नानांना पुन्हा चौकशीचं काम मिळालं.

सुरुवात त्यांनी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यापासून केली. डॉक्टर गाईला इंजेक्शन देत होते, आणि नाना मागे उभे राहून विचारत होते, "साहेब, शुद्ध जातीचं म्हणजे नेमकं काय?" डॉक्टरांनी सांगितलं, आईबाप ठाऊक असलेलं. शक्यतो त्यांची कुत्र्यांच्या क्लबात नोंद असलेलं, तसे कागद असलेलं. पिल्लू दोन महिने तरी आईजवळ राहिलेलं हवं, लस टोचलेली हवी. आणि काही झालं तरी आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका. पिल्लाचा स्वभाव बराचसा तिच्यावर जातो.

"म्हंजे हे तर आमचंच काम झालं," नाना खूश होऊन म्हणाले. डॉक्टरांना काही समजलं नाही. निघताना त्यांनी धुळ्याजवळच्या एका बाईंचं नाव दिलं, बेबाबाई. पिल्लं चांगली असतात, पण बाई सहजासहजी देत नाही, असंही सांगितलं. धुळं लांब, म्हणून नानांनी ते नाव शेवटाला ठेवलं.

पहिलं स्थळ शहरातलंच होतं, एक दुकान. काचेमागे पिल्लं, वर रंगीत दिवे. नाना दुकान उघडायच्या तासभर आधी समोरच्या टपरीवर चहा घेत बसले. साडेआठला टेम्पो आला. त्यातून टोमॅटोचे असतात तसले प्लास्टिकचे क्रेट उतरले आणि क्रेटमधून केकाटण्याचा आवाज आला. नानांनी अर्धा चहा तसाच टाकला. दुकान उघडल्यावर आत जाऊन त्यांनी एकच गोष्ट विचारली, "यांच्या आया कुठं आहेत?"

दुकानदार हसला. "आई कशाला हवी, बाबा? पिल्लूच न्यायचंय ना?"

नाना दुकानाबाहेर पडले.

दुसरं स्थळ मोबाईलवरचं. ऋतिकानंच शोधून दिलं. पांढरंशुभ्र पिल्लू, गळ्यात लाल रिबीन. माणूस म्हणाला, आत्ता थोडे पैसे पाठवा, परवा गाडीनं पिल्लू घरपोच. नाना म्हणाले, आई दाखव. त्यानं व्हिडिओवर एक कुत्री दाखवली, चांगली धष्टपुष्ट. ऋतिका टाळ्या पिटायच्या बेतात होती.

"आता तिले नावानं हाक मार," नाना म्हणाले.

"काय?"

"तिचं नाव असेल ना काही? हाक मार. पाहू दे मले, ती तुह्याकडे पाहते का."

माणसानं घसा खाकरून "डॉली, डॉली" म्हटलं. कुत्रीचा कान हलला नाही. मग त्यानं "रोझी" म्हणून पाहिलं. तेव्हा मात्र ऋतिका फिसकन हसली, आणि पलीकडून फोन बंद झाला. पोर इतक्या मोकळेपणी हसलेली नानांनी बऱ्याच दिवसांनी ऐकली. त्या लबाडाचे आभार मानावेत की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

ही बातमी उडत उडत एरंडोलला गेली आणि मोतीलालचा फोन आला. त्याच्या भाच्याकडे, अमृतकडे, लॅब्रेडॉरचीच पिल्लं होती. कागदपत्रांसकट. "घरनाच मानूस शे, नाना. दुसरीकडे कायले हिंडतस?"

घरचाच माणूस. ज्योतीच्या वेळीही हेच शब्द होते. पण नाही म्हणायला कारण हाती नव्हतं. रविवारी तिघं एसटीनं एरंडोलला गेले.

अमृतनं सरबराई उत्तम ठेवली. मोतीलालही आधीच येऊन बसला होता. चहा, फरसाण, आणि एक फाईल. फाईलमध्ये पिल्लांच्या आईबापाची, आजापणजाची नावं, क्लबाचे शिक्के, सगळं प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. नाना फाईल वाचतच राहिले. इतका भरगच्च बायोडाटा त्यांनी माणसाच्या स्थळालाही पाहिला नव्हता. पिल्लं गुबगुबीत होती. ऋतिकानं एकाला मांडीवर घेतलं आणि ते तिच्या ओढणीचं टोक चावायला लागलं. आईसुद्धा होती, खाटेजवळ शांत पडलेली, अंगानं जरा वाळलेली. नाना 'चला, हेच नेऊ' म्हणायच्या बेतात होते.

उकाडा वाटला म्हणून अमृतनं पंख्याचं बटण दाबायला हात वर केला.

कुत्री फरशीला पोट घासत मागे सरकली आणि खाटेखाली गेली. कान मागे, शेपूट पायात.

नानांनी फाईल मिटली. हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. तेरा वर्षांपूर्वी, ज्योतीची सुपारी फोडायला गेले होते त्या घरी. पेढ्यांचं ताट समोर आलं होतं, नवरामुलगा चपला घालायला ओसरीवर आला, आणि दाराशी बांधलेला तपकिरी कुत्रा अगदी असाच, पोट घासत, खाटेखाली गेला होता. नानांना तो दिसला होता. पाऊणशे घरांचे गोठे पाहिलेल्या माणसाला तो दिसणार नाही कसा? त्यांनी पेढा तोंडात टाकला होता आणि घरचीच माणसं म्हणून गप्प बसले होते. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"मोतीलाल," नाना म्हणाले, "मले हे पिल्लू नको."

"काबरं? काय वाईट शे?"

"त्याची माय भेते."

मोतीलाल चिडला. घरना मानूसवर इश्वास नही का, म्हणाला. अमृतचं तोंड उतरलं. नानांनी ऋतिकाच्या मांडीवरचं पिल्लू उचलून खाली ठेवलं आणि पायात चपला घातल्या. ज्योती मागोमाग आली.

गाडीत ऋतिका खिडकीशी बसली. कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "नाना, पिल्लू छान होतं ना?"

"छान होतं."

"मग?"

"त्याची आई घाबरत होती, बेटा."

ऋतिकानं थोडा वेळ विचार केला. "मग बरोबर," ती म्हणाली, आणि बाहेर केळीच्या बागा बघत राहिली. ज्योतीही बाहेरच बघत होती.

राहिलं धुळं. तिथे नाना एकटेच गेले, न सांगता, सकाळी दहाच्या सुमाराला. कारण त्या वेळी घर जसं असतं तसं असतं. मळ्यातलं दोन खोल्यांचं घर, समोर कडुनिंब, त्याखाली दोन कुत्र्या आणि पाच पिल्लं. साठीच्या बेबाबाई कापसाच्या गंजीपाशी उभ्या होत्या. नानांनी जुनंच अस्त्र काढलं.

"बाई, तुमची म्हैस इकायची हाये म्हने?"

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हैस इथं नहीच शे, भाऊ. तुमी पिल्लूसाठे उनात. पानी ल्या पहिले, मंग बोला."

बत्तीस वर्षांत नानांचं बिंग असं पहिल्याच वाक्याला फुटलं नव्हतं. त्यांनी निमूट पाणी घेतलं. मग तासभर प्रश्न झाले, पण विचारत होत्या बेबाबाई. घरमा कोन कोन शे? दिवसभर घरी कोन ऱ्हास? मे महिनामा पत्रा तापस, तवय कोठे ठेवशात? कुत्र्याचं वय झालं, आंधळं झालं, तर? नाना उत्तरं देत होते आणि मधून मधून कपाळ पुसत होते. कागद आहेत का, हे विचारायचं ते विसरूनच गेले. बाईंनी ते आपणहून दाखवले. कुत्रीला एका वेतानंतर वर्षभर तरी मोकळीक देते, असंही सांगितलं. पिल्लू मात्र देते म्हणाल्या नाहीत.

"पोर देवानी म्हनजे घर देखनं पडस. मी देखस, मंग देस."

"कधी येता?"

"येसू," एवढंच बोलून त्या गंजीकडे गेल्या.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, गिरणीवाल्या झुलालचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "नाना, एक बाई गिरनीवर उभी राहून तुमची चौकशी करू राह्यली. तुमच्या घरचं दळन कोन आनते, इचारते!"

नाना ताडकन उठले. "तू काय सांगलं?"

"सांगलं, नानाच आनता. मानूस चांगला हाये, पन डोकं लय खाते."

नाना बाहेर येऊन उभे राहिले. गल्लीच्या टोकाला बेबाबाई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या, पण त्या नानांकडे पाहत नव्हत्या. भुऱ्याकडे पाहत होत्या. भुऱ्या नाना दिसताच कचऱ्याच्या ढिगावरून उठला, आळस दिला आणि शेपूट हलवत येऊन त्यांच्या पायावर बसला. बाई मग पुढे आल्या.

ज्योतीला त्या दिवशी सुटी होती. चहा झाला. बाईंनी मागचं अंगण पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, आंब्याची सावली दुपारी कुठवर येते ते विचारलं. आणि मग सरळच विचारलं, "घरमा हात उचलनारं कोनी शे का?"

नानांनी ज्योतीकडे पाहिलं. ज्योती म्हणाली, "होतं, मावशी. आम्ही ते घर सोडून आलो."

बेबाबाईंनी तिच्याकडे पाहून फक्त मान हलवली. मग ऋतिकाला म्हणाल्या, "चाल बेटा, पिल्लू कोठे जपी ते माले दखाड." दोघी पिल्लाच्या झोपायची जागा बघायला मागच्या खोलीत गेल्या.

स्वयंपाकघरात नाना आणि ज्योती राहिले. कप विसळायला घेतलेल्या ज्योतीच्या पाठीकडे पाहत नाना म्हणाले, "ज्योती, त्यांच्या घरी कुत्रा होता. तपकिरी. सुपारीच्या दिवशी तो त्याले पाहून खाटेखाली गेला. मले दिसलं होतं. मी बोललो नाई."

तेरा वर्षं गिळून ठेवलेलं ते बाहेर पडलं. नानांना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर बोलेल मला, आणि बोलायलाच हवं.

ज्योतीनं नळ बंद केला. "मलाही दिसला होता, नाना. सुपारीनंतर घर दाखवायला मला नेलं होतं ना, तेव्हा. तो येताच कुत्रा तसाच सरकला." ती वळली. "मला वाटलं, नानांनी पाहिलं असेलच. नाना काही बोलले नाहीत, म्हणजे काही नसेल. म्हणून मी लग्नाला उभी राहिले."

नाना खाली बसले. डोळे पुसायला त्यांना टोपीच सापडली. ज्योती थोड्या वेळानं त्यांच्या शेजारी येऊन बसली. "परवा एरंडोलला बोललात," ती म्हणाली. "ते बरं झालं."

मागच्या खोलीतून बेबाबाई आल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "येत्या आयतवारले या. नंतर मी कवयबी येसू हं, फोन न करता."

"अवश्य या," नाना म्हणाले.

रविवारी तिघं धुळ्याला पोचले तेव्हा पिल्लं नऊ आठवड्यांची झाली होती. ऋतिका पळतच कडुनिंबाखाली गेली. नाना मात्र रस्त्याच्या कडेलाच थांबले.

"तू पाह्य," ते ज्योतीला म्हणाले. "तुले दिसते ते सांग. मी काईच बोलत नाई."

ज्योती पुढे गेली. पिल्लांची आई सावलीत पडली होती. ज्योती तिच्यासमोर उभी राहिली आणि पदर सारखा करावा तसा, पण मुद्दाम, हात डोक्याच्या वर नेला. तो हात तिनं बराच वेळ तसाच ठेवला.

कुत्रीनं वर पाहिलं, जांभई दिली आणि डोकं परत पंजांवर ठेवलं.

ज्योती तिच्याजवळ मातीतच बसली. तिनं आपला हात कुत्रीच्या पाठीवर ठेवला आणि मान वळवून हाक मारली, "नाना, या इकडे. हेच घर."